सातापाचा भिंगवाला

सातापाच्या बायकोचा, पारूवहिनींचा फोन आला तेव्हा मी पेपर तपासत होतो. ‘‘सर, आमचं माणूस गेलं,’’ एवढंच त्या म्हणाल्या... दम्यासारखं काहीतरी आहे असं सातापा वर्षभर सांगत होता, आणि मीही ते खरं मानत आलो होतो.

सातापा मूळचा नेसरीचा. कागलच्या एमआयडीसीत ग्राइंडिंग मशीनवर लोखंडी भाग घासायचा. राजारामपुरीतल्या वाचनालयात माझं जगातल्या तत्त्वज्ञांवर व्याख्यान होतं, तिथं तो ड्युटीवरच्या कपड्यांतच आला होता. चहाच्या वेळी जवळ येऊन म्हणाला, ‘‘ह्यातला तुमचा कोण?’’ प्रत्येकाचं आपापलं महत्त्व आहे, असं मी परीक्षेतल्यासारखं उत्तर दिलं. ‘‘तसं न्हवं सर. ताप आल्यावर माणूस आईला हाक मारतंय. तसं अडचणीत तुम्ही कुणाला हाक मारता?’’ मी तत्त्वज्ञान शिकवण्यात उभी हयात घालवली, आणि मला एक नाव सांगता येईना. लाज वाटली.

त्याचा मात्र ठरलेला होता. शतकांपूर्वी परदेशात भिंगं घासून पोट भरणारा एक एकटा माणूस. देव आणि सृष्टी वेगळी नाही म्हणाला म्हणून समाजानं वाळीत टाकलेला, पुढं प्राध्यापकी चालून आली तीही नाकारणारा. सातापा त्याचं नाव घ्यायचा नाही, ‘माझा भिंगवाला’ म्हणायचा, म्हणून मीही इथं घेत नाही. सातापाचं म्हणणं असं की, माणसाला स्वतःला जे जमलं नाही ते ज्यानं केलं, तो त्याला आवडतो. पुढं तो आमच्या रविवारच्या बैठकीला येऊ लागला, तिथं एक निवृत्त तलाठी यायचे. जन्मभर साहेबांपुढं मान तुकवलेली, आणि आवडता कोण, तर राजाला ‘माझं ऊन अडवू नकोस’ म्हणणारा ग्रीक फकीर! सातापानं हे ओळखून दाखवलं तेव्हा तलाठी आधी रागावले आणि मग पोट धरून हसले.

एकदा मापाचं गेज शून्यावर न आणताच सातापानं अख्खी पाळी काढली. तपासणीत माल पास झाला, कुणाला पत्ताही नव्हता. आठवड्याभरात कायम होणाऱ्यांची यादी लागायची होती. चूक ध्यानात आल्यावर हा पठ्ठ्या स्वतः जाऊन साहेबांना सांगून आला! यादीतून नाव गेलं, आणखी तीन वर्षं कंत्राटावर काढली. वहिनी संतापल्या. तुमचा भिंगवाला येऊन चूल पेटवणार हाय का, असं त्यांनी माझ्यादेखत विचारलं. तो शांतपणे म्हणाला, ‘‘भिंगात खोट ऱ्हायली तर बघणाऱ्याला जग वाकडं दिसतंय. मग त्यो दोष जगाला देतोय.’’ असं वाक्य मला कुठल्या ग्रंथात सापडलं नव्हतं. मी थक्क होऊन त्याच्या काळ्या पडलेल्या बोटांकडं बघत राहिलो.

गेल्या आठवड्यात त्याचा महिना घातला. जेवायला गेलो तर वहिनींनी मला बाजूला बोलावलं. डॉक्टर म्हणाले, घासकामाची धूळ छातीत साठली होती. मग त्यांनी विचारलं, ‘‘त्यो भिंगवाला कशानं गेला, सर?’’

खोटं बोलावंसं वाटलं. पण या घरात ते जमेना. ‘‘छातीच्याच दुखण्यानं,’’ मी म्हणालो. ‘‘काचेची धूळ... असं म्हणतात.’’

‘‘त्यो असा गेला, ह्ये ह्यांना ठावं व्हतं?’’

‘‘होतं.’’

वहिनींनी पदरानं डोळे पुसून सातापाच्या फोटोपुढं ठेवलेल्या नैवेद्याच्या पानाशेजारी दुसरं पान मांडलं. त्या भिंगवाल्याला बायकापोरं होती का, एवढंच विचारलं. नव्हती, म्हणालो.

‘‘मग त्याला कोण घालणार? काय आवडायचं त्याला खायाला?’’

इतकी वर्षं मी त्या माणसावर प्रश्न काढले, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. कुठंतरी वाचलेलं आठवलं. दुधातली पेज, वर थोडं लोणी, एवढ्यावर त्याचा दिवस निघायचा.

‘‘दूध तर घरचंच हाय की,’’ म्हणत वहिनी चुलीकडं गेल्या.