घळीच्या वाटेवर आक्का

सकाळी भाच्याचा, मिलिंदचा फोन आला. "मामी, आई गेली," एवढंच म्हणाला. मी तवा उतरवला, गॅस बंद केला आणि तिथंच खाली बसले. रडू आलं नाही. आक्कांच्या आजारपणात आम्ही सगळेच इतके थकलो होतो, की रडायलाही अंगात त्राण लागतं हे तेव्हा कळलं... पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि आता कुठं त्यांची नीट आठवण यायला लागली आहे.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंद, जिंतूरकडच्या एका उपकेंद्रात नर्स. लसी घेऊन वस्त्यावस्त्यांवर पायी हिंडल्यानं डोंगरातली प्रत्येक वाट त्यांच्या पायाखालची. मी लग्न होऊन सेलूला आले त्या वर्षी, पोळा झाल्यावर, त्यांनी मला तिथल्या धबधब्यावर नेलं. मग ते दरवर्षीचंच झालं. फाट्यावर एसटीतून उतरायचं, सागाच्या रानातून घळीत शिरायचं आणि ओढ्याच्या कडेनं दगड चढत जायचं. त्यांचा एकच नियम होता: जो सगळ्यात हळू, त्यानं पुढं चालायचं. "हळू चालणाऱ्याला मागं ठेवलं की ते पळायला बघतंय अन् पडतंय," म्हणायच्या. चालण्यात मी गोगलगाय, त्यामुळं पुढं कायम मीच. मला दम लागला की त्या मागून म्हणायच्या, "थांब गं जरा, मला रान बघू दे." रान त्यांनी जन्मभर पाहिलेलं! सासरी एवढी माया मला दुसऱ्या कुणी लावली नाही, हे आज सांगून टाकते.

गेल्या वर्षी घळीच्या तोंडाशी आक्का थांबल्या. पदरानं तोंड पुसलं. म्हणाल्या, "शोभा, आज मी पुढं व्हते."

मला कळायचं ते कळलं. विचारलं असतं तर त्यांना सांगावं लागलं असतं, म्हणून मुकाट्यानं मागं झाले. इतक्या वर्षांत त्यांची पाठ मी कधी पाहिलीच नव्हती. ब्लाउज खांद्यावरून उतरत होता, मानेचं हाड वर आलं होतं. एवढी एक वेळ यांना पाण्यापर्यंत नेऊ दे, असं मनातल्या मनात म्हणत मी त्यांच्या पावलावर पाऊल टाकत राहिले. धबधब्याचा आवाज यायला लागला आणि त्या एका दगडावर बसल्या.

"तू जाऊन ये. मला हितूनच ऐकू यायलंय."

"तुमच्याबिगर न्हाई जायची मी."

"मग एवढ्या लांब काय माझं तोंड बघाया आलीस?"

"व्हय," मी म्हणाले.

त्या लय हसल्या. मग खोकल्या... आम्ही तिथंच डबा सोडला, भाकरी-ठेचा खाल्ला आणि पाणी न बघताच उतरलो.

आता पोळा जवळ आला आहे. परवा मिलिंद येऊन म्हणाला, "मामी, यंदा जायाचं का? मी येतो संगं." मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. गुडघे चालतील कसेबसे. पण दम लागला की मी मागं वळून बघणार, आणि मागं मिलिंद असणार.