आप्पांचा कावळा आणि माझा ड्रॅगन

आमच्या आप्पांच्या नैवेद्याला कावळा लवकर शिवला नाही, त्याला माझी कादंबरी जबाबदार आहे, यावर आमच्या घराण्याचं एकमत आहे.

घराण्यातला पहिला पदवीधर मी. बेळगावात नोकरी, आणि रविवारी निपाणीजवळच्या गावी येऊन कादंबरी वाचून दाखवणं. तीत जादूगार, ड्रॅगन आणि गाडल्यावरही गप न पडणारी मढी. ऐकणारे एकटेच, माझे थोरले चुलते आप्पा. (बाकीच्यांना रविवारीच नेमकी कामं निघत.) मढ्यांची फौज वेशीवर आली आणि त्याच आठवड्यात आप्पा गेले.

रक्षाविसर्जनाला सगळे पावणे वेदगंगेच्या काठी जमले. नैवेद्यात कांदाभजी, चहा, तंबाखूची पुडी. बाभळीवर सात-आठ कावळे, पण एकही खाली येईना. कावळा शिवल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही.

आप्पांचा मुलगा बाबू हात जोडून म्हणाला, "आप्पा, म्हस इकत न्हाय."

कावळे ढिम्म.

"आईला अंतर देत न्हाय."

एका कावळ्यानं चोच घासली, तेवढंच.

ऊन तापलं. पावणे घड्याळाकडे बघू लागले. तेवढ्यात काकूनं डोळ्याचा पदर काढला आणि माझ्याकडं बोट केलं.

"त्यांचा जीव ह्येच्या गोष्टीत अडकलाय. जाताना सुदिक इचारत हुते, मढी गावात शिरली का न्हाय म्हणून. सांग रं म्होरलं."

मी हादरलोच. विज्ञानाचा पदवीधर मी, आणि कावळ्यांपुढं कथाकथन? त्याहून वाईट म्हणजे पुढचं मी लिहिलंच नव्हतं!

"मग... जादूगारानं मंत्र म्हटला," मी बाभळीकडं बघत सुरुवात केली, "आणि मढी परत गेली."

"मंतर ठावा हुता तर आधीच का म्हटला न्हाय?" माझे वडील, अण्णा, मागून म्हणाले. जन्मात पुस्तक हातात धरलं नव्हतं त्यांनी.

"आधी तो विसरला होता."

"आणि आप्पा सांगायचं त्यो आग वकनारा सरडा?" एका पावण्यानं विचारलं.

"ड्रॅगन. तो... झोपला होता."

"येवढ्या लढाईत?" अण्णा म्हणाले. "आन ह्येला आमी शिकीवलं."

दोन कावळे उठले आणि लांबच्या झाडावर जाऊन बसले.

"जाऊ द्या," मी वैतागून हात जोडले. "आप्पा, वचन देतो. ही कादंबरी मी छापत न्हाय."

शब्द तोंडातून बाहेर पडायच्या आत कावळ्यांची झुंबड उडाली. भजी गेली, चहा सांडला, पुडीसुद्धा एकानं पळवली.

"बघ," काकू डोळे पुसत म्हणाली, "येवढंच पायजे हुतं त्यास्नी."

पण लेखक हार मानत नाही. हल्ली मी कविता करतो, आणि आमच्या घरातली म्हातारी माणसं तब्येतीला लई जपायला लागलीत.