डेल्मरच्या छातीवरचा पट्टा

एल्म क्रीक गावच्या अग्निशमन दलात पगार कुणालाच नव्हता, मान होता. आणि तो मान भिंतीवरच्या एका कागदावर लिहिलेला असे. वर आगीत शिरणारे, म्हणजे ‘आत जाणारे’, खाली ‘बाहेरचे’. डेल्मर क्राउझेचं नाव चौतीस वर्षं वरच्या यादीत होतं. एकदा तर त्याने शाळेच्या मुख्याध्यापकांना धुरातून पाठीवर घालून आणलं, आणि बाहेर येताच त्या भल्या गृहस्थाने केसांचा टोप आतच राहिला म्हणून त्याच्याशी भांडण काढलं. डेल्मर पुन्हा आत गेला आणि टोप घेऊनच आला. असा गडी!

छातीचे पट्टेही त्याच्यामुळेच आले म्हणायचे. पट्टा शर्टाच्या आत बांधायचा, की हृदयाचे ठोके, श्वास, अंगातली उष्णता असं सगळं दलाच्या चीफच्या टॅबवर दिसायचं. मधे तार ना काही. ते विकत घ्यायला डेल्मरने तीन हिवाळे दर शुक्रवारी दलाच्या हॉलमध्ये मासे तळून गावाला विकले. पट्टे आले तशी मंडळी कुरकुरली. आमची बायकोशी जुंपली तरी तुम्हाला दिसणार का, असं कुणीतरी विचारलं. चीफ लेलंड टॉर्सन म्हणजे डेल्मरचा पहिलीपासूनचा दोस्त. त्याने सगळ्यांदेखत शब्द दिला, की टॅब फक्त आगीच्या आणि सरावाच्या वेळी उघडेल, आणि काही वावगं दिसलं तर ज्याचं त्याला आधी सांगेन. त्या शब्दावर डेल्मरने पहिला पट्टा बांधला.

मार्चमधल्या एका शुक्रवारी सराव लांबला. हॉलमध्ये माणसं जेवणासाठी खोळंबलेली. गड्यांनी जड कोट टांगले आणि पट्ट्यांसकट तसेच कढयांपाशी धावले. नेहमी असंच व्हायचं. तळण उरकलं, अकॉर्डियनवाल्याने पोल्का नाचाची धून धरली, आणि डेल्मरने बायकोला, अर्डिसला, ओढतच नेलं. वय त्रेसष्ट, पण पाय शिंगराचे! तिसऱ्या नाचाला जरा धाप लागली, म्हणून तो बिअर घेऊन बसला. विषय संपला.

त्याच्यापुरता संपला. टॅब हॉलच्या स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता, आणि बंद करायचा राहून गेला होता.

मंगळवारी भिंतीवर नवी यादी लागली. डेल्मरचं नाव खाली, ‘बाहेरचे’मध्ये. काम: रस्त्यावरची वाहतूक अडवणं. खोलीत सातजण होते, आणि सातहीजण आपापले बूट न्याहाळत होते. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं.

तो लेलंडच्या खोलीत गेला. लेलंडने काही लपवलं नाही.

“ठोके एकशे ऐंशीवर, आणि मधेच चुकत होते, डेल. मी काय करायचं होतं?”

“हाक मारायची होतीस. मी दहा पावलांवर बसलो होतो.”

लेलंडने टोपी काढली, परत घातली. “अर्डिसला दाखवलं. ती म्हणाली, ह्याला सांगू नका, गुपचूप नाव खाली घ्या.”

घरी अर्डिस बटाटे सोलत होती. नवऱ्याचा चेहरा बघूनच तिला कळलं. डेल्मरच्या डोक्यात एकच घोळत होतं: शुक्रवारपासून चार दिवस ही माझ्यासमोर बसून जेवली, आणि बोलली कशाबद्दल, तर थंडीबद्दल!

“तू मला सांगायचं होतंस,” तो म्हणाला.

“सांगितलं असतं तर पट्टा लेलंडच्या तोंडावर फेकून पुढच्या आगीत घुसला असतास. नाही म्हण.”

पण बोलणं खरं असलं म्हणून सल थोडाच जातो?

पुढच्या आठवड्यात डॉक्टरने तपासलं, गोळ्या दिल्या, वेळेवर आलात म्हणाला. अर्डिसने आशेने नवऱ्याकडे पाहिलं. तो कोटाची बटणं लावत राहिला.

मग एका दुपारी जुन्या गवताच्या कोठाराला आग लागली. डेल्मर मोठ्या रस्त्यावर लाल झेंडा घेऊन उभा राहिला. लेलंड स्वतः चालत त्याच्याकडे आला आणि पट्टा पुढे केला.

“बांध रे. लक्ष असलेलं बरं.”

सत्तावन्न वर्षं डेल्मर त्याला ‘लेली’ म्हणत आला होता.

“बाहेरच्यांना लागत नाही, चीफसाहेब,” तो म्हणाला, आणि येणाऱ्या दुधाच्या टँकरला झेंडा दाखवायला वळला.