बँडमास्तरचं भूत

पहिल्याच पानावर रक्त. एक जण बँडमास्तरचं त्याच्याच ट्रम्पेटनं डोकं फोडतो, आणि मग त्याचं भूत रोज खुन्याच्या कानाशी लग्नातली गाणी बेसूर वाजवत बसतं. औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेली ती कादंबरी मला भलतीच आवडली. पुढं आणखी तिघं मरतात, एक तर चुन्याच्या भट्टीत. मी मिटक्या मारत वाचत होते.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, टीव्ही बंद, म्हणून दुपारी त्यांच्यासाठी मोठ्यानं वाचायचे. मामा उशीला टेकून मलाच शिकवायचे.

"एका फटक्यात डोकं फुटत नाय, सूनबाई. आधी माणूस खाली बसतो. मग बघतो आपल्याकडं."

"तुम्हाला लई माहिती."

माहिती होतीच. बांधाच्या भांडणात त्यांनी धाकट्या भावाला कुऱ्हाडीच्या दांड्यानं बडवलं होतं, पाय मोडेपर्यंत. चुलतसासरे अजून गावात लंगडत चालतात. तेव्हापासून दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, आणि घरात तो विषय काढायची सोय नाही.

शेवटाकडं भूत खुन्याला विचारतं, "मारलंस ते मारलंस. मी पाणी मागितलं तेव्हा हसलास का?"

मामांनी चहाचा ग्लास भिंतीवर फेकला. काचा माझ्या पायाशी आल्या. माझंही डोकं फिरलं.

"पुस्तकाचा राग माझ्यावर कशाला काढता?"

त्यांनी माझं मनगट असं आवळलं की बांगडी फुटून आत रुतली.

"सोडतं का ते त्याला? तेवढं वाच."

सोडत नाही. भूत खुन्याच्या घशात ट्रम्पेट कोंबतं आणि पानभर हाडं मोडत राहतात. एरवी मी ते चवीनं वाचलं असतं. पण मनगटातून रक्त येत असतानाही मला त्या म्हाताऱ्याची दया आली. ते सगळं गाळून मी मनानंच रचून वाचलं, की भुतानं त्याला माफ केलं, वाजवणं थांबवलं आणि निघून गेलं.

मामांनी माझं मनगट सोडलं.

"खोटं वाचतीस. मेलेला माणूस असा सोडत नसतो."

मी पुस्तक मिटलं.

"आपला भाऊ जिता हाय अजून," ते म्हणाले. "त्यानं बी पाणी मागितलं होतं. फोन लाव गावाकडं. त्यानं उचलला की माझ्या कानाला धर."

रक्ताच्या हातानंच मी नंबर लावला आणि फोन त्यांच्या कानाशी धरला.

"कोण हाय?" पलीकडून चुलतसासऱ्यांनी विचारलं. परत विचारलं. मामांनी फोन धरलेला माझा हात कानाशी आणखी घट्ट दाबला.