सूर्योदयापूर्वीची नोंद

दिनांक १९ डिसेंबर २०२३ रोजी, नव्याने सोडलेल्या लहान उपग्रहांचे संदेश ऐकून त्यांची ओळख पटवणाऱ्या महाराष्ट्रातील हौशी रेडिओमंडळींच्या एका गटाने, कुंभकोणम येथील माझे थोरले चुलत बंधू राजगोपाल यांनी पाठवलेल्या नोंदीसमोर ‘बनावट’ असा शब्द लिहिला. तो शब्द गटाच्या यादीत आजही आहे. राजगोपाल आज नाहीत. ही तक्रार मी मराठीत लिहितो, कारण तो गट मराठी आहे, तो शब्द मराठी आहे, आणि ज्या माणसाला तो चिकटवला गेला त्याच्या घरात तीनशे वर्षे मराठीच बोलली गेली आहे.

आमचे पूर्वज तंजावरच्या दरबारात कारकुनीला होते. दरबार गेल्यावर कोणी शाळेत शिरले, कोणी दुकानात. राजगोपाल यांच्या आजोबांनी मोठ्या गल्लीत पितळी भांड्यांचे दुकान काढले आणि राजगोपाल यांनी ते चाळीस वर्षे चालवले. ऐन तारुण्यात त्यांनी मद्रासला जाऊन हौशी रेडिओची परीक्षा दिली. दुकानाची फळी लागली की ते माडीवर जात आणि मोर्सची कळ दाबून जगातल्या कुणाही माणसाला हाक मारीत. विशालाक्षी वैनी म्हणत, “घरच्या माणसांशी बोलायला यांना शब्द सापडत नाही. अनोळख्यांना मात्र रोज हाका.”

उतारवयात त्यांनी दुकान पुतण्याकडे सोपवले आणि उपग्रहांचा नाद धरला. समईचे दांडे ओढणाऱ्या आपल्याच कारागिराकडून पितळी काड्या करवून घेतल्या व त्यांचा अँटेना बांधला. लाकडी मुठीला आडव्या काड्या जडवलेले ते साधन हातात धरून ते गच्चीवर उभे राहत. शेजारच्या अलमेलू मामी तमिळमध्ये विचारीत, “राजगोपाल, आणखी दोन काड्या लावशील का? माझे अप्पळम-पापड वाळत घालायला पुरतील.” हे म्हणत, “मामी, आधी आकाशातलं वाळू दे, मग तुमचं.”

ज्यांना हा विषय ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढे सांगतो. एक अग्निबाण पुष्कळदा वीस-तीस लहान उपग्रह एकदम सोडतो. ते सुरुवातीला घोळक्याने फिरतात. रडारला केवळ ठिपके दिसतात. कोणता ठिपका कोणाचा, हे कोणालाच माहीत नसते. अशा वेळी हौशी मंडळी कान लावतात. तिरुविडैमरुदूरच्या रेल्वे फाटकाशी उभे राहिले, तर येणाऱ्या गाडीची शिटी चढी व जाणाऱ्या गाडीची उतरती लागते. उपग्रहाचा सूरही तसाच उतरतो. तो कोणत्या क्षणी सर्वांत झपाट्याने उतरला हे टिपले, की डोक्यावरून गेलेला ठिपका कोणता ते काढता येते. म्हणजे या सगळ्या कामात वेळेला महत्त्व असते, आणि वेळ लिहिणाऱ्याच्या शब्दाला.

राजगोपाल यांची चेन्नईच्या तमिळ रेडिओमंडळींशी उत्तम ओळख होती. तरी ‘आपली माणसं अहेत’ म्हणून ते या मराठी गटात शिरले. पहिल्याच दिवशी त्यांनी लिहिले, “आपणांस नमस्कार. मज कुंभकोणाहून ऐकू येतें तें कळवीत जाईन.” त्यावर कोणीतरी विचारले, “आजोबा, पेशव्यांना कळवलंत का?” हे त्यांनी मला हसत वाचून दाखवले. त्यांना ती थट्टा आपलेपणाची वाटली होती.

त्या डिसेंबरात, बारा तारखेच्या सकाळी, एका अग्निबाणातून असाच घोळका सुटला. त्यात ‘कुयिल’, म्हणजे कोकिळा, या नावाचा विद्यार्थिनींनी बांधलेला एक लहान उपग्रह होता. तो मोर्समध्ये आपले नाव उच्चारणार होता. त्या संध्याकाळी कोणालाच काही ऐकू आले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या सुमारास राजगोपाल गच्चीवर होते. वैनी सांगतात, ते जिना उतरून आले तेव्हा पायांत चपला तशाच होत्या; आणि घरात चपला आणणारा तो माणूस नव्हे.

“बोलली ती,” ते म्हणाले.

“कोण?”

“कुयिल. आपलं नाव सांगून गेली.”

“मग कॉफी ठेवू?”

“सूर्य उगवू दे.”

अर्घ्य दिल्याशिवाय कॉफी न घेण्याचा त्यांचा जन्माचा नेम होता. तो त्या आनंदातही मोडला नाही.

त्यांनी सुराची उतरण कागदावर मांडली आणि घोळक्यातला सातवा ठिपका कुयिल आहे, असे गटाला कळवले. अशा नोंदी जगभर एकाच जागतिक वेळेत लिहायच्या असतात. आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करायचे असतात. त्यांनी ते केले. नोंदीत ११ डिसेंबरची रात्र आली. म्हणजे उपग्रह सुटण्याच्या आधीची.

मग काय झाले ते गटाच्या पानावर अद्याप वाचता येते. “आजोबांना अंतर्ज्ञान आहे.” “अंड्यातली कोकिळा ऐकली.” एकाने लिहिले, “मराठी बखरीतली आहे, कालमानही बखरीतलंच असणार.” या शेवटच्या गृहस्थाला आपण सत्याच्या किती जवळून गेलो, हे कधीच कळले नसेल.

गटाचे चालक, पुण्याचे एक निवृत्त अभियंते, यांनी फोन केला तेव्हा मी राजगोपाल यांच्याजवळ बसलो होतो. फोनचा आवाज मोठा होता.

“तारीख एका दिवसाने पुढे करून पाठवा, राजगोपालजी. आम्ही नोंद घेऊ. चुका सगळ्यांच्याच होतात.”

“चूक असती तर मीच सुधारली असती. ऐकलं त्या क्षणी वेळ लिहिली.”

“मग काय सुटायच्या आधी ऐकलंत?”

“सुटल्यानंतरच्या पहाटे.”

“म्हणजे तेरा तारीख.”

“बारा.”

“मग मला ‘बनावट’शिवाय दुसरं काही लिहिता येणार नाही.”

“लिहा,” हे म्हणाले. “तुम्हांस हवी म्हणून मी तारीख बदलली, तर ती ऐकलेली राहणार नाही, बनवलेली होईल.”

फोन ठेवून त्यांनी माझ्यासमोर पुन्हा साडेपाच तास वजा केले. वजाबाकी बरोबर होती.

त्यानंतर नाशिकच्या एका गृहस्थांनी कुयिल ऐकली आणि प्रथम श्रवणाचा मान त्यांना मिळाला. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. त्यांनीही सातवाच ठिपका सांगितला होता.

राजगोपाल गच्चीवर जाईनासे झाले. अलमेलू मामींनी विचारले, “काय रे, रेडिओ बिघडला?” हे म्हणाले, “रेडिओ बरा आहे, मामी. ऐकणाऱ्यावर विश्वास राहिला नाही.” विठ्ठलाच्या देवळात ते शनिवारच्या भजनाला बसत, पण झांज खाली ठेवून. एकदा जेवताना त्यांनी वैनींना विचारले, “मी खोटं बोलतो, असं तुला कधी वाटलं?” वैनी म्हणाल्या, “मी नेसलेल्या साडीला बरी म्हणता तेव्हा.” एरवी या उत्तरावर त्यांनी घर डोक्यावर घेतले असते. त्या दिवशी त्यांनी ताक मागून घेतले आणि उठले.

एप्रिलमध्ये ते गेले. झोपेतच, उजाडण्यापूर्वी. डॉक्टरांनी दाखल्यावर सोमवार, २२ एप्रिल लिहिले. बंगळूरहून मुलगा कार्तिक आला. अंगणात बसून आमचे वाध्यार, म्हणजे उपाध्याय, कृष्णमूर्ति दहाव्याचा दिवस मोजू लागले आणि त्यांनी पहिले बोट रविवारवर ठेवले.

कार्तिक वाध्यारांना म्हणाला, “मामा, दाखल्यावर सोमवार आहे.”

“दाखला नगरपालिकेचा. सूर्य उगवायच्या आधी गेले, म्हणजे कालचाच दिवस.”

“बारा वाजता तारीख बदलते.”

“तुझ्या कचेरीत बदलत असेल. कचेरीत बसून पिंड घालणार आहेस?”

“पण मी रजा त्या हिशेबानं—”

तेवढ्यात वैनी आतून बोलल्या. दोन दिवसांत त्या प्रथमच बोलत होत्या. “कार्तिक, वाद नको. तुझे बाबाही हेच म्हणायचे. पहाटे उठून कधी ‘आज’ म्हटलं नाही त्यांनी. उजाडेपर्यंत कालचाच दिवस अहे म्हणायचे. कागदावरही तसंच लिहायचे.”

मी वैनींना विचारले, “उपग्रहाची वेळ लिहितानाही?”

“दुसरं कसं लिहितील?”

तेव्हा उलगडा झाला. आयुष्यभर ते संध्याकाळी ऐकत आले होते. तेव्हा हा प्रश्न उद्भवलाच नव्हता. कुयिल पहाटे आली. कॅलेंडरात तेरा तारीख लागून पाच तास झाले होते, पण राजगोपाल यांच्या लेखी सूर्य उगवेपर्यंत बारा तारीखच चालू होती. त्यांनी बारा लिहिले आणि त्यातून साडेपाच तास वजा केले. पाच वाजले होते, म्हणून तारीख आणखी एक मागे गेली व अकरा झाली; तेरातून वजा केले असते, तर जागतिक वेळेत बारा आली असती. म्हणूनच ते ‘सुटल्यानंतरच्या पहाटे’ आणि ‘बारा’ ही दोन्ही विधाने करीत होते. दोन्ही खरी मानूनच ते झुरत गेले. नोंद चुकीची होती, बनावट नव्हती. या दोन शब्दांतले अंतर ज्या गटाला समजत नाही, त्याने कोणाचीही ओळख पटवू नये.

कार्तिकने दहावा वाध्यारांच्या मोजणीने केला.

तेराव्यानंतर मी हे सर्व गटाच्या चालकांना लिहून पाठवले. सोबत वाध्यारांचे सहीनिशी निवेदन जोडले. उत्तर आले: आदरांजली, जुन्या नोंदींची यादी बंद झाली आहे, ती एका व्यक्तीसाठी उघडल्यास पायंडा पडेल. मी पुन्हा लिहिले. पुन्हा आदरांजली आली. वैनींनी विचारले, “काय म्हणतात?” मी म्हणालो, “विचार करतात.” त्या म्हणाल्या, “मग करू देत. एवढा शब्द निघाला म्हणजे मज पुरे.”

त्या गटाचे शेकडो सभासद मराठी वाचतात. हा लेखही त्यांतले काही वाचतील. यादीत दुरुस्ती मागण्याचा अधिकार प्रत्येक सभासदाला आहे. मला तुमची आदरांजली नको. तुम्ही सभासद असाल तर चालकांना आजच लिहा. नसाल तर जो सभासद ओळखीचा असेल त्याला लिहायला लावा. कुंभकोणमच्या राजगोपाल यांच्या नोंदीसमोरचा ‘बनावट’ हा शब्द काढा, तेथे जागतिक वेळेनुसार १२ डिसेंबर ही तारीख घाला, आणि कुयिल प्रथम ऐकणाऱ्याच्या जागी त्यांचे नाव लिहा.