उन्हाचं कापड

सांगलीला माझे वडील एका कापडाच्या दुकानात कामाला होते. त्यामुळं कापडातलं आपल्याला कळतं, असा माझा समज होता. वायल, पॉपलीन, मलमल, मांजरपाट, डोळे मिटून बोटांत धरलं तरी मी सांगायची. लग्नात मी हट्टानं नायलॉनची साडी घेतली. तेव्हा ती नवीनच निघाली होती. झटकून टाकली की वाळायची, इस्त्रीची भानगड नाही. रहिमतपूरजवळच्या सासरी आले आणि पहिल्यांदा रानात जायची वेळ आली, तेव्हा हलकी म्हणून मी तीच नेसले.

वैशाख होता. दीड वर्षानं तोडायचा आडसाली ऊस डोक्याच्या वर गेला होता आणि खालचा वाळलेला पाला ओढून काढायचं काम होतं. उसात शिरल्यावर वारा बाहेरच राहतो. थोड्याच वेळात ती साडी अंगाला अशी चिकटली, की कुणी ओल्या कातड्यात गुंडाळून ठेवलंय असं वाटलं. घाम येत होता, पण जायला जागा नव्हती. ब्लाउजच्या बाह्या कोपरापर्यंत, त्यामुळं पानांच्या कडांनी दोन्ही हात ओरबाडून निघाले. उसाची कूस, म्हणजे पानांवरची काटेरी लव, मानेत गेली ती वेगळीच. संध्याकाळी हातावर पाणी घेतलं आणि मी ओरडलेच.

थोरली जाऊ चुलीपुढं बसली होती. तिनं माझे हात धरून बघितले.

"उद्या ही साडी नगं," ती म्हणाली. "जुनं सुती लुगडं नेस. आन् वरनं बाप्याचा सदरा घाल, पुऱ्या हाताचा. उन्हात कापड कमी करू नी. वाढवावं, पण सैल आसावं."

"यांच्या तर सगळ्या बंड्या आहेत, आक्का. अर्ध्या हाताच्या."

तिनं हाताला लावायला खोबरेल दिलं आणि भाकरी थापायला लागली.

थोरल्या दिरांना मी कधी पाहिलं नव्हतं. ते पलटणीत होते आणि चीनच्या लढाईत बेपत्ता झाले. गेले असं सरकारनं कळवलं नव्हतं, आहेत असंही नाही. माझं लग्न त्यानंतरचं. घरात त्यांचा एक फोटो होता, पण तो सासूबाईंनी देवाच्या फडताळात उलटा ठेवला होता. का, ते मी विचारलं नाही. सासूबाईंना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. माणूस आहे एवढं दिसायचं, कोण आहे ते आवाजावरून कळायचं. जाऊ कुंकू लावायची, मंगळसूत्र घालायची, आणि दिरांबद्दल कधीच काही बोलायची नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली घेतली. आतून एक शर्ट काढला. हिरवट, पलटणीतला, बारीक जाळीच्या विणीचा. हातात घेतल्याबरोबर मला कळलं, की हे खास उन्हासाठीच विणलेलं कापड आहे. कोपराला रफू होतं, बाईच्या हातचं नव्हे. टाके अगदी एका मापाचे, लहान लहान.

"आक्का, हा मी कसा घालू?"

"घाल. शेवटच्या सुट्टीला ठेवून गेले. तिकडं लय थंडी हाय, ह्ये न्हेऊन काय करू, म्हनले." ती बाह्या सरळ करत होती. "मागनं शेजारच्या वाडीचा, त्यांच्याच पलटणीतला गडी परत आला न्हवं का, त्यो सांगत हुता. म्हनला, वैनी, आमा पोरांच्या आंगावर बर्फात बी सुतीच कापडं हुती. तवापासनं ह्यो ट्रंकंत आसा घडी घालून पडलाय, मला झोप येत न्हाई बग. उन्हाचं कापड हाय, उन्हात जाऊ दे."

तिनं स्वतःच्या हातानं मला तो लुगड्यावरून चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली. बाह्या माझ्या बोटांच्या पुढं येत होत्या, त्या एकदा दुमडल्या. डोक्याला पांढरं फडकं बांधलं.

"आता पाटमोरी हो."

मी वळले. मग तिचा हात मानेशी आला, कॉलर नीट केली आणि ती म्हणाली, "चल, ऊन व्हईल."

कामाच्या दृष्टीनं त्या शर्टाला तोड नव्हती. घाम यायचा, पण सरीच्या तोंडाशी आलं आणि जाळीतून वाऱ्याची झुळूक आली की पाठ गार पडायची. पानं बाह्यांवरून खरखर घसरून जायची. दोन सऱ्या संपल्या तेव्हा मी चक्क गुणगुणत होते.

दुपारी सासूबाई भाकरी घेऊन बांधावर आल्या. डोळे नसले तरी ती वाट त्यांच्या पायाखालची होती. मी सरीच्या तोंडाशी पाठमोरी उभी राहून पाला ढिगावर टाकत होते. मागून आवाज आला. इतका मऊ, की तो त्यांचा आहे हे आधी मला ओळखूच आलं नाही.

"कवा आलास रं लेकरा?"

मी जागच्या जागी थांबले.

"घरला न येताच कामाला लागलास? ये की. घास खाऊन घे आदी."

वळावं की नाही मला कळेना. उसातून जाऊ बाहेर आली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. माझ्याजवळ येऊन तिनं माझा दंड, म्हणजे त्या शर्टाची बाही, घट्ट धरली.

"आत्या," ती म्हणाली, "ही धाकटी हाय."

मान जराशी वाकडी करून सासूबाई माझ्याकडं बघत राहिल्या.

"व्हय? मग त्यो कुटं गेला? आता तर हितं हुता."

आम्ही बांधावर बसून जेवलो. सासूबाईंनी एक भाकरी फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवली, ती तशीच राहिली.

मी रात्री मालकांना म्हटलं, मला तो शर्ट नको. ते म्हणाले, "वैनींनी दिलाय. त्यास्नीच इचार." जावेला विचारलं तर ती म्हणाली, "तुला तरास हुतोय का?" मी नाही म्हटलं. खरं तर काय होत होतं ते मलाच सांगता येत नव्हतं.

सासूबाई मग रोज लवकर यायला लागल्या. हाक मारायच्या नाहीत. बांधावर बाभळीखाली बसायच्या आणि उसाच्या कडेनं हलणाऱ्या हिरवट ठिपक्याकडं बघत राहायच्या. मी धाकटी आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. घरी त्या माझ्याशी धाकटे म्हणूनच बोलायच्या. पण रानात त्या मला बघायला येत नव्हत्या. पाठीवर ती नजर घेऊन मी काम करायची. चालताना आपण पाय जरा फाकून, सावकाश टाकतोय असं कधी कधी लक्षात यायचं. त्यांचा मुलगा तसा चालायचा का, हे मला कुठून ठाऊक असणार? तरी चाल सुधारायला जावं तर जमायचं नाही.

एकदा उन्हाचा फार कहर झाला. शर्ट पिळून काढावा इतका भिजला आणि त्या ओल्या कापडातून एक वेगळाच वास वर आला. तंबाखूचा, बटणं घासायच्या पॉलिशचा, आणि त्याखाली घामाचा. माझ्या घामाचा वास मला माहीत होता. हा माझा नव्हता. मी पाला टाकून उसाबाहेर धावत आले. जावेनं विचारलं, काय गं, साप दिसला का? मी नुसता हात पुढं केला. तिनं बाही नाकाशी नेली आणि डोळे मिटले.

घरी गेल्यावर मी शर्ट धुवायला घेतला, तर ती म्हणाली, "आज धुऊ नगंस." तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला आणि आपल्या खोलीत नेला. सकाळी पुन्हा माझ्या हातात दिला तेव्हा तो वाळला होता, आणि त्याला कसलाच वास नव्हता.

पावसाळ्यानंतर सासूबाईंना मिरजेला नेऊन डोळ्यांचं ऑपरेशन केलं. जाड भिंगांचा चष्मा आला. घरी येताच त्यांनी पहिल्यांदा माझं तोंड दोन्ही हातांत धरून पाहिलं. "नाकेली हाईस की गं," म्हणाल्या. आम्ही हसलो. मग फडताळातला तो उलटा फोटो त्यांनी स्वतः काढला, पदरानं पुसला आणि उजेडाला नेऊन खूप वेळ पाहिला.

पुढच्या उन्हाळ्यात पाला काढायला लागलो तेव्हा एक दिवस त्या बांधावर आल्या. मी तोच शर्ट घालून उभी होते. त्यांनी चष्म्यातून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. दुमडलेल्या बाह्या पाहिल्या, शर्टाखालून निघालेला लुगड्याचा काष्टा पाहिला.

"डोळं नव्हतं तवा बरं व्हतं," त्या म्हणाल्या.

भाकरी ठेवली आणि गेल्या. त्यानंतर त्या रानाकडं फारशा आल्याच नाहीत. कुणी ना कुणी जाऊन भाकरी आणायचं.

त्याच आठवड्यात जाऊ म्हणाली, "तू तुज्या मालकांचा नवा सदरा घे. ह्यो मी घालते." पुढं तिनं तो चांगला दोन-तीन उन्हाळे वापरला. कोपरावरच्या रफूवर तिनं आपलं ठिगळ लावलं, पाठ विरली तेव्हा आतून अस्तर दिलं. दिरांची बातमी आली नाही. सरकारनं शेवटी ते गेले असं धरलं, तसा कागदही आला. भावकीतल्या बायका कुंकवाचं बोलायला आल्या तेव्हा ती रानात निघून गेली. पुन्हा तो विषय तिच्यासमोर कुणी काढला नाही.

तेव्हाचीच गोष्ट. मला दिवस गेले होते, म्हणून मी रानात जात नव्हते, फक्त भाकरी घेऊन जायची. दुपारी बांधावर पोचले. उन्हानं सगळं रान लखलखत होतं, उसाचे शेंडे पाण्यातल्यासारखे हलत होते. सरीच्या तोंडाशी तो पाठमोरा उभा होता. हिरवट शर्ट, डोक्याला पांढरं फडकं, पाय जरा फाकलेले. पाल्याची पेंढी खांद्यावर घेऊन तो सावकाश ढिगाकडं चालायला लागला.

ती जाऊ आहे हे मला माहीत होतं. सकाळी माझ्यासमोरच तिनं बटणं लावली होती. तरी माझा पाय पुढं पडेना. मी डोक्यावरची पाटी धरून तशीच उभी राहिले. तो वळून बघेल याची भीती वाटत होती, आणि त्यानं वळावं असंही वाटत होतं. ज्याला मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, त्याला हाक मारायला माझे ओठ उघडले होते. काय म्हणून हाक मारणार होते कुणास ठाऊक. भावजी म्हणायची माझ्यावर कधी वेळच आली नव्हती.

मग पेंढी ढिगावर पडली, फडक्याखालून जावेचं घामेजलेलं तोंड दिसलं आणि ती म्हणाली, "आशी उन्हात का हुबी? सावलीला बस की."

मी बाभळीखाली जाऊन बसले. जेवताना तिला काहीच सांगितलं नाही. तीही माझ्याकडं न बघता, उसाकडं तोंड करून जेवत होती.