नजर जरा बाजूला

सांजेला माझा मुलगा आणि त्याचा खलाशी बसलेली होडी उलटताना आम्ही काठावरून पाहिली. तेवढ्यात अंधार झाला आणि ती दिसेनाशी झाली. शोधायला निघालेल्या बोटीला कुठे जायचं तेच कळेना.

आमच्या चौक गावच्या खडकावर तेव्हा काशीमीऱ्याच्या गॅरेजमधला मिस्त्री होता. तो दर अवसेला यायचा, आजूबाजूचा उजेड अडवायला डोक्यावर काळं फडकं घ्यायचा आणि मोठ्या दुर्बिणीतून आभाळातले पुसट डाग बघायचा. "दुसऱ्या आकाशगंगा आहेत, मावशी," म्हणायचा. मला एकही दिसली नाही.

"डाग बघायला हितवर येतोस? गॅरेजात डाग न्हाय?" मी म्हणायची. तो हसून पुन्हा फडक्याखाली शिरायचा.

त्या दिवशी त्याने दुर्बीण पाण्याकडे वळवली.

"दिसतंय का रं काय?" मी ओरडले.

"थांबा मावशी. पुसट गोष्टीकडे सरळ बघायचं नसतं. नजर जरा बाजूला ठेवली की ती दिसते."

बराच वेळ तो हलला नाही. मग त्याने हात लांब केला. "तिकडे. एक डाग आहे, वरखाली होतोय."

आम्ही त्या हाताच्या रेषेत बॅटरी धरली आणि बोट तिकडे गेली. माझा मुलगा आणि त्याचा खलाशी, दोघंही जगले.